ढब्बूची जागा दाराशी

१४ जानेवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

ढब्बू सुखरूप आहे. हे वाक्य मुद्दाम आधी लिहिलं, कारण व्याह्याचं पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, अशी तुमची समजूत होईल. समजूत बरोबर आहे, पण ढब्बू सुखरूप आहे.

फोन का केला नाही ते सांगतो. तुमच्या मुलाच्या घरी फोन टेबलाच्या मधोमध ठेवून सगळे मिळून बोलतात. मी 'हॅलो' म्हटलं की जावई, माझी मुलगी, तुम्ही आणि स्वयंपाकघरातला मिक्सर अशी चार उत्तरं एकदम येतात. पोरीला सातवा महिना आहे, तिच्या डोक्याला ताप नको. जावयाच्या कानावर तर अजिबात नको. तो लगेच "बाबा, मी काहीतरी सोय बघतो" म्हणेल, आणि त्याने केलेली सोय ढब्बूला मानवेलच असं नाही. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तुम्ही मुलाकडे राहायला गेलात आणि तिथल्या घरमालकाला कुत्रं चालत नाही असं कळलं, तेव्हा "माझ्याकडे पाठवा, मी एकटाच तर आहे" असं मीच छाती पुढे काढून म्हणालो होतो. ती छाती आता हळूहळू आत घेतो आहे.

ढब्बू रात्री भुंकतो.

दिवसा त्याच्यासारखा गुणी प्राणी शोधून सापडायचा नाही. दुकानात कापड बेतायच्या टेबलाखाली पडून असतो. गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडतो, माणूस नुसता भाव विचारून जाणारा आहे हे ओळखतो आणि डोळा मिटतो. मला हे ओळखायला बत्तीस वर्षं लागली. पण रात्री मी शटर ओढतो, त्याला आत दाराशी सतरंजी घालून देतो, जिना चढून माझ्या खोलीत जातो, दिवा मालवतो, आणि खालून सुरू. एकदा सुरू झाला की माझ्या डोक्यावरच्या मजल्यावरची नर्स आणि अंगणापलीकडचे घरमालक या दोघांनाही त्याचा लाभ होतो.

माझं निदान असं की, दोष खिडकीचा आहे. रस्त्यावरचा दिवा थेट दुकानात पडतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सावल्या भिंतीवर चालतात आणि ढब्बू त्यांना जाब विचारतो. त्यावर तिहेरी अस्तराचा पडदा शिवायला घेतला आहे. हातात कात्री असली की जगातला प्रत्येक प्रश्न मला कापडाचाच दिसतो.

तरी तुमच्याकडे तो रात्री काय करायचा, ते कळवा.

आपला,
व्याही


२१ जानेवारी

व्याह्यांना नमस्कार.

तुमचं पत्र सुनेने आणून दिलं आणि "बाबांनी पत्र? तुम्हाला?" असं विचारलं. मी म्हटलं, पडद्यांचे नमुने आहेत. खोटं बोलायची मला सवय नाही, तरी ठीक जमलं.

आता ढब्बूचं. सहा वर्षांत त्याने माझ्याकडे रात्री एकदाही तोंड उघडलं नाही. कारण माझ्याकडे शिस्त होती. त्याची जागा दाराशी. दिवा मालवला की दिवस संपला, माणसाचाही आणि कुत्र्याचाही. तीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, हे तुम्हाला सांगायला नको. एका रात्री एका मुलीचं पोट दुखलं म्हणून मी तिला माझ्या खोलीत बसवून गरम दूध दिलं. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर त्या मजल्यावर एकीचंही पोट धड नव्हतं. त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

तेव्हा लिहून घ्या. संध्याकाळी भरपूर फिरवायचं, दमेपर्यंत. जेवण लवकर. झोपायच्या आधी एकदा बाहेर नेऊन आणायचं. मग जागेवर बसवायचं, आणि त्यानंतर काही झालं तरी जायचं नाही, बोलायचं नाही, रागवायचंसुद्धा नाही. भुंकल्यावर माणूस येतो हे कुत्र्याला एकदा कळलं की तो माणूस संपला.

पडदा शिवू नका. पडद्याने काही होत नाही.

माझा गुडघा बरा आहे. काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते. ढब्बू जेवतो ना नीट? नव्या जागी पहिल्यांदा तो जेवणाकडे पाठ करून बसतो. समजूत काढावी लागते. म्हणजे मी कधी काढली नाही, पण लागत असावी.

विहीण


२ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पडदा शिवून झाला आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा तो दांडीवर चढला होता, म्हणून उतरवला नाही. इतका उत्तम झाला आहे की दुपारीही दुकानात मेणबत्ती लावावी. परिणाम असा झाला की ढब्बूला आता सावल्या दिसत नाहीत, त्यामुळे तो आवाजांवर भुंकतो. पूर्वी तो काय येतंय ते बघून भुंकायचा, आता काय येत असेल या कल्पनेने भुंकतो. कल्पनेला अंत नसतो. मग मी दाराच्या फटीला जाड फेल्टची पट्टी ठोकली. मग त्याला गादी शिवली, कापसाची, कडेला पायपिंग लावून. त्या गादीवर तो एकदाही बसला नाही. एका बाईंनी निवडलेलं सुंदर मखमली कापड टेबलावर होतं, त्यावर मात्र बसला. त्या बाईंना मी सांगितलं की मखमलीला आधी थोडी ऊब द्यावी लागते.

तुमचे नियम मी तंतोतंत पाळतो आहे.

त्याला कुठे काही दुखत असेल, म्हणून जनावरांच्या डॉक्टरकडेही नेऊन आणला. कान बघितले, दात बघितले, पोट दाबलं. डॉक्टर म्हणाले, "कुत्रा ठणठणीत आहे. फक्त वजन वाढलंय. तुमचं काय?" मी म्हटलं, "माझंही थोडं वाढलंय." ते म्हणाले, "मी झोपेचं विचारत होतो."

आता खरी गोष्ट. परवा घरमालक आले. ते कोर्टात कारकून होते आणि अजून तसेच बोलतात. म्हणाले, "सदरहू कुत्र्याबाबत आम्ही आजवर सबुरी ठेवली. परंतु भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत झाली आहे. सबब, मार्चअखेर एक तर कुत्रा गप्प झाला पाहिजे, नाहीतर गेला पाहिजे." त्यांच्या मेव्हण्याचं गावाबाहेर गोदाम आहे. तिथे राखणीला कुत्रा हवाच आहे. साखळी त्यांच्याकडे तयार आहे.

मी "बघतो" म्हणालो. त्यानंतर मला दिवसभर एक सरळ टाका घालता आला नाही. विहीणबाई, काहीतरी सांगा.

आपला,
व्याही


९ फेब्रुवारी

व्याही,

साखळी? माझ्या ढब्बूला? त्या मेव्हण्याला म्हणावं, गोदामाच्या दाराशी स्वतः बसून भुंक.

माझा राग आता थोडा खाली आला आहे, म्हणून मुद्द्याचं लिहिते. वजन वाढलं कसं? लवकर जेवलेला, संध्याकाळी दमेपर्यंत फिरलेला कुत्रा जाड होत नाही. आणि डॉक्टरांना "माझंही वाढलंय" हे तुम्ही कशाला सांगितलंत? वसतिगृहात जेवणघराची किल्ली हरवली की मी कुणाला काही विचारायची नाही. नुसती रांगेसमोरून चालत जायची. जिने मी न विचारता "बाई, मी नाही" म्हटलं, तिच्याच उशीत किल्ली सापडायची.

'तंतोतंत पाळतो आहे' हे वाक्य तुम्ही एका स्वतंत्र ओळीत लिहिलं आहे. खरं बोलणारा माणूस असं वाक्य सुटं ठेवत नाही.

तुम्ही रात्री उठून त्याच्याकडे जाता का? हो किंवा नाही.

विहीण


१८ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

हो.

पहिल्या रात्री मी त्याला रागवायला गेलो होतो. रागवायला जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून एक टोस्ट घेतला. दुसऱ्या रात्री त्याने एका टोस्टाचं भुंकणं केलं, तिसऱ्या रात्री दोन टोस्टांचं. मग माझ्या लक्षात आलं की खाली आलोच आहे तर चहा टाकायला काय हरकत आहे. आता रोज मध्यरात्र उलटली की खाली आमची बैठक असते. मी चहात टोस्ट बुडवतो, तो कोरडा खातो. मी त्याला दिवसभरात आलेल्या गिऱ्हाइकांचं सांगतो, तो कान देऊन ऐकतो. त्याला शिस्त लावायला गेलो आणि त्यानेच मला लावली. हाक मारली की मी येतो, बस म्हटलं की बसतो. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडं म्हणतात. इथे नळीत कोण बसलं आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आणखी एक खरं सांगतो. ही गेल्यापासून गेली तीन वर्षं माझी झोप त्या वेळी मोडतेच. पूर्वी मी छताकडे बघत पडून राहायचो. छत बघून बघून पाठ झालं होतं. आता त्या वेळी खालून कुणीतरी बोलावतं. मला त्याचा राग यायला हवा, पण येत नाही. उलट जिना उतरताना बरं वाटतं. मोठा माणूस म्हणून हे लिहायला लाज वाटते, पण तुम्ही हो किंवा नाही विचारलंत.

तुमचं साखळीबद्दलचं पत्र वाचून मात्र मी हादरलो. म्हटलं, आपल्या चहापायी त्याला साखळी लागायला नको. त्याच रात्री मनाचा दगड केला. कानात कापूस घातला, वर गोधडी घेतली आणि गेलो नाही. विहीणबाई, तो भुंकला. आधी नेहमीसारखा, मग विचारल्यासारखा, मग रडल्यासारखा, आणि मग असा की अंगणापलीकडे दिवा लागला. वरची नर्स खाली आली. बिचारी दोन दिवसांची ड्यूटी करून झोपली होती. दाराबाहेरून म्हणाली, "काका, तुम्ही बरे आहात ना? मला वाटलं, तुम्हाला काही झालंय म्हणून तो ओरडतोय." मग माझ्याने राहवलं नाही. गेलो.

म्हणजे जे करायचं नाही तेच केलं. आधी तो थोडक्यात भागवायचा. आता त्याला कळलं आहे की म्हातारा उशिरा का होईना, पाझरतो. फक्त नेट सोडायचा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुमच्याकडे तो दाराशी, एकटा, एका शब्दाविना झोपायचा. सतरंजी तीच, कुत्रा तोच. मग माझं काय चुकतं आहे? माझ्यावर उपकार करा आणि अगदी खरं सांगा.

व्याही


३ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. रविवारी फोनवर सगळ्यांनी मिळून सांगितलं की तुम्ही बऱ्या आहात. पोरगी हळूच म्हणाली, "आई आजकाल गप्प असतात. ढब्बूचं नाव काढलं की उठून गॅलरीत जातात." चहा आणि टोस्टाचं वाचून तुम्ही दुखावलात का? तुम्ही एवढं वळण लावलेलं जनावर मी महिन्याभरात बिघडवलं, याचा राग येणं साहजिक आहे. पण मार्च लागला आहे. काल घरमालक गोदामाचा पत्ता देऊन गेले. मी तो पत्ता शिलाई मशीनच्या खणात टाकला आहे आणि आज दिवसभर दुसऱ्या मशीनवर काम केलं.

रागवायचं तर रागवा, पण लिहा.

व्याही


८ मार्च

व्याह्यांना नमस्कार.

तुम्ही बिघडवलं नाहीत. गेले दोन आठवडे मी रोज कागद काढते आणि परत ठेवते. आता लिहूनच टाकते.

ती दाराशी घालायची सतरंजी सहा वर्षांत मला एकदाही धुवावी लागली नाही. यावरून काय ते समजा.

मी निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मला झोप येईना. तीस वर्षं एका भिंतीपलीकडे साठ मुली झोपल्या आहेत, खोकताहेत, झोपेत बडबडताहेत, अशी झोपायची सवय. मुलगा नोकरीसाठी आधीच बाहेर पडलेला. घर इतकं शांत की मला माझ्याच श्वासाने जाग यायची. मग ढब्बू आणला, मुठीएवढा होता. सगळ्यांना ऐकवलं, कुत्रा तो कुत्रा, त्याची जागा दाराशी. पहिली रात्र तो दाराशी कुईकुई करत राहिला. दुसऱ्या रात्री मी दाराशी जाऊन बसले. तिसऱ्या रात्री तो माझ्या पलंगावर होता, आणि सहा वर्षं तिथेच राहिला. माझ्या दुखऱ्या गुडघ्याला पाठ लावून झोपायचा. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले, "आजवर शेकत होतात वाटतं?" मी हो म्हटलं.

मुलगा यायचा त्या दिवशी मी चादर बदलायची आणि सतरंजी झटकून दाराशी घालायची. त्यालाही माहीत नाही. सगळ्या जगाला मी शिस्त शिकवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुम्हाला 'जाऊ नका, बोलू नका' असं मीच लिहिलं. पण खरं लिहिलं असतं तर व्याह्यांसमोर माझी काय राहिली असती? आपली अब्रू सांभाळायला मी त्या मुक्या जिवाला तुमच्या दाराशी एकटं झोपवलं, आणि त्याच्यावर साखळीची पाळी आणली. तुमच्या टोस्टापेक्षा माझं पाप मोठं आहे.

तो हट्टी नाही, बिघडलेलाही नाही. जन्मात कधी एकटा झोपलेला नाही, एवढंच. तो सावल्यांवर भुंकत नाही. वर माणूस आहे हे त्याला माहीत आहे आणि आपण खाली का, हे तो विचारतो आहे.

तेव्हा असं करा. त्याची सतरंजी वर न्या, तुमच्या खाटेला लागून घाला. भुंकल्यावर जायचं नाही, हा नियम खरा आहे. पण त्याने हाक मारायच्या आधीच आपण जवळ असलं की हाक मारावी लागत नाही. पहिले दिवस कुरकुरेल. बोलू नका, फक्त एक हात खाली सोडून ठेवा. गप्प पडला की मग पाठीवरून फिरवा. चहाची बैठक बंद, दोघांचीही. संध्याकाळी फिरवताना ओढत नेऊ नका, प्रत्येक खांबाचा वास घेऊ द्या. त्याने तो जास्त दमतो. सोबत माझी शाल पाठवते आहे, ती सतरंजीवर घाला. मुद्दाम धुतलेली नाही. व्याह्यांना न धुतलेली शाल पाठवायची वेळ माझ्यावर यावी, पण असो.

मुलाला यातलं काही कळू देऊ नका.

विहीण


२ एप्रिल

आजीबाईंना आजोबांचा नमस्कार!

नात बघायला आलो तेव्हा तुम्ही आणि मी समोरासमोर बसून गंभीर चेहऱ्याने हवापाण्यावर बोललो. ते नाटक मला फार आवडलं. जावई मुलीला म्हणाला म्हणे, "आईचं आणि बाबांचं काही बिनसलंय का?" त्या दिवशी ढब्बूला नर्सने सांभाळलं. परत आलो तर तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला. म्हणजे तो कुणाच्याही मांडीवर डोकं ठेवतो, फार भाव खायचं कारण नाही, असं मी स्वतःला बजावलं.

आता मुख्य बातमी. शाल आली तेव्हा ढब्बूने पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं. शालीत तोंड खुपसून तो इतका वेळ उभा राहिला की मीच दुसरीकडे बघू लागलो. रात्री सतरंजी वर नेली, शाल घातली, हात खाली सोडला. पहिल्या रात्री तो कुरकुरला आणि माझ्या हाताला मुंग्या आल्या. दुसऱ्या रात्री फक्त मुंग्या आल्या. चौथ्या रात्री त्याने खाटेवर उडी मारली. मी तुमच्यासारखी शिस्त दाखवून त्याला सरकायला सांगितलं. तो सरकला, पण मधल्या बाजूला. खाट माझी अरुंद. तेव्हापासून खाटेवर ढब्बू आणि सतरंजीवर मी, अशी व्यवस्था आहे. कुणीच भुंकत नाही.

आणि विहीणबाई, मी झोपतो. मध्येच जाग आली तर त्याचा श्वास ऐकू येतो, आणि पुढचं काही आठवत नाही. एके दिवशी दुकान उघडायला इतका उशीर झाला की गिऱ्हाइकाने वर येऊन दार वाजवलं.

काल घरमालक आले. म्हणाले, "मुदतीपूर्वी सदर प्राण्याची रवानगी केलीत, हे उचित केलंत. आठ-पंधरा दिवस कशी निवांत झोप लागते आहे." तेवढ्यात टेबलाखालून ढब्बू बाहेर आला आणि त्यांच्या चपलेचा वास घेऊ लागला. त्यांनी "सबब" एवढाच शब्द उच्चारला. शेवटी त्यालाच थोपटून गेले.

तिहेरी पडदा सिनेमागृहाच्या मालकाला विकला. सगळंच फुकट गेलं असं नाही.

आपला,
व्याही


१८ मे

व्याह्यांना नमस्कार.

काठी सुटली. डॉक्टर म्हणतात, जिने चढा, घरी जा, कुणाची हरकत नाही. सून म्हणते राहा, पण या घरात बाळ आल्यापासून पाय ठेवायला जागा नाही, आणि मला माझं घर हवं आहे. पुढच्या रविवारी निघते. वाटेत तुमच्याकडे उतरेन आणि ढब्बूला घेऊन तशीच पुढे जाईन. पहिल्यापासून ठरलं होतं ते असंच.

तुमची काही अडचण नाही ना? म्हणजे अडचण असायचं कारण नाही, कुत्रा माझाच आहे. तरी विचारलं.

विहीण


२१ मे

विहीणबाईंना नमस्कार.

अडचण कसली? मी तर सुटलोच. दोन महिन्यांनी मला माझी खाट परत मिळणार. केस झाडायला नकोत, पावसापाण्यात फिरवायला नको, गिऱ्हाइकाच्या मखमलीवर लक्ष ठेवायला नको. अवश्य या.

त्याची सतरंजी आणि तुमची शाल बांधून ठेवली आहे. गादीला नवा अभ्रा शिवला. प्रवासात वारा लागेल म्हणून एक अंगरखा शिवला आहे, आत अस्तर आहे. थंडीसाठी दुसरा. दोन्ही मापाचे आहेत. माप घ्यायला तो अगदी शहाण्यासारखा उभा राहिला. पाण्याच्या भांड्यालाही पिशवी केली. ही यादी वाचून तुम्ही हसाल, पण दुकानात सध्या काम कमी आहे.

तो खांबांचा वास घेतो तेव्हा घाई करू नका. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, मी आपलं उगाच तुम्हालाच परत सांगतो आहे.

व्याही


२९ मे

व्याह्यांना नमस्कार.

टॅक्सीवाल्याने कुत्र्याला हरकत घेतली म्हणून मी कोपऱ्यावरून परत आले आणि ढब्बूची दोरी तुमच्या हातात दिली, ते खोटं होतं. टॅक्सीवाल्याच्या स्वतःच्या घरी दोन कुत्री आहेत. त्याने मागच्या सीटवर त्याच्यासाठी चादर अंथरली होती. आता मला खोटं बोलायची चांगलीच सवय झाली आहे, म्हणून ही शेवटची वेळ.

ढब्बू माझ्याबरोबर खुशीने गाडीत चढला, हे तुम्ही पाहिलंत. तो मला विसरला नव्हता. मी दुकानात आले तेव्हा त्याने जो धिंगाणा केला, तेवढ्यावर मला पुढची दहा वर्षं काढता येतील. तेव्हा त्याने तुम्हाला निवडलं असं समजून फुशारकी मारू नका. त्याला निवडायला मी वेळच दिला नाही.

माझ्या रात्रींची काळजी करू नका. इथे आल्यावर दोन रात्री छत बघितलं. तिसऱ्या रात्री उठून सुनेला फोन लावला. ती तरी कुठे झोपली आहे? बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. फोन टेबलावर न ठेवता, कानाला लावून, आम्ही दोघीच बोललो. मी तिला सगळं सांगितलं. सतरंजी, शाल, टोस्ट, सगळं. ती आधी हसली आणि मग तुमच्यासाठी थोडं रडली. म्हणाली, "आई, उद्याही करा फोन." आता रोज करते. बाळ झोपलं की ठेवतो.

तुम्ही ते दोन अंगरखे घडी करून माझ्या हातात दिलेत आणि हसलात. "बरं झालं, घेऊन जा," म्हणालात. मी तीस वर्षं मुलींचे चेहरे वाचले आहेत, तरी मी घेऊन निघाले, कारण कुत्रा माझा होता आणि ठरलं तसंच होतं. गाडी निघाली. कोपरा आला. तेव्हा मला तुमच्या मुलीच्या लग्नाचा दिवस आठवला. त्या दिवशीही तुम्ही हसून "घेऊन जा" म्हणाला होतात आणि आमची गाडी याच कोपऱ्यावरून वळली होती. त्यानंतर तुम्ही दारात कसे उभे होतात, किती वेळ होतात, मला माहीत नाही. कारण तेव्हा मी मागे वळून पाहिलं नव्हतं.

या वेळी पाहिलं.

तुमची,
विहीण